चंद्राकडे पाठ

आमच्या घरात कॅमेरा मी आणला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हल्ली ते कोणाला खरं वाटत नाही. लोकांना वाटतं, बायकोला एवढा छंद आहे म्हणून हा बिचारा तिचा ट्रायपॉड उचलून मागे मागे हिंडतो. ट्रायपॉडही माझाच आहे.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसतो. पुढे मालक गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवतो आणि मागे मी काचा कापून, कडा घासून त्या फ्रेमांत बसवतो. काच दिव्यासमोर तिरकी धरायची, चरा आहे का, डाग आहे का ते बघायचं, यात माझा दिवस जातो. त्यामुळे लेन्स म्हणजे काय चीज आहे हे आमच्या मंडळात माझ्याइतकं कोणाला कळत नाही, असं माझं मत होतं आणि आहे. मंडळ म्हणजे हौशी छायाचित्रकारांचं मंडळ. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही जमतो, एकमेकांचे फोटो बघतो आणि तोंडावर स्तुती करतो. फोकसकाका आमचे अध्यक्ष. कुठलाही फोटो पुढे धरला की ते आधी चष्मा कपाळावर ढकलतात आणि म्हणतात, "फोकस बघू." बाकी सगळं त्यांच्या लेखी नंतर.

वर्षातून एकदा त्याच हॉलमध्ये आमचं प्रदर्शन भरतं. दारातून आत आलं की समोर एक भिंत आहे. तिच्यावर फक्त एकच फोटो लावतात. तिला आम्ही दर्शनी भिंत म्हणतो. मी मंडळात आलो तेव्हापासून माझा फोटो कधी जिन्याजवळ, कधी पाण्याच्या पिंपाच्या वर, आणि एका वर्षी तर दारामागे लागला होता. कोणी आत आलं की दार उघडायचं आणि माझा फोटो झाकून जायचा.

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. मी नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना कोणाला तरी द्यायचाच होता, म्हणून तिला दिला. शिकवलंही मीच. शटर किती वेळ उघडं ठेवायचं, उजेड कुठून यावा, हात कसा धरावा, सगळं. शिकताना ती फार प्रश्न विचारायची नाही, नुसती मान हलवायची. मला वाटलं, डोक्यात काही शिरत नाहीये. मग एक दिवस तिने लॅबमधल्या स्टुलावर टाकलेल्या तिच्या पांढऱ्या कोटाचा फोटो काढून आणला. संध्याकाळची वेळ, रिकामी खोली, स्टूल आणि कोट. कोटाची एक बाही अशी लोंबत होती की जणू आत्ताच कोणीतरी त्यातून हात काढून घरी गेलंय. फोकसकाकांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि चक्क फोकसबद्दल काही बोललेच नाहीत.

गेल्या वर्षी तो कोट दर्शनी भिंतीवर लागला. लोक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वहिनींचा फोटो बघितला. अप्रतिम. तुम्हीपण काढता का?"

तेव्हापासून माझ्या पोटात दुखतं. उगाच आडवळणाने कशाला सांगू, मला बायकोचा हेवा वाटतो. शेजाऱ्याचा हेवा वाटला तर माणूस खिडकी लावून घेऊ शकतो. बायकोचा वाटला तर काय लावून घेणार? ती आपल्याच ताटातली भाजी वाढून घेते आणि आपल्याच पांघरुणात झोपते. तिने कॅमेरा उचलला की माझे कान टवकारतात. तिचा फोटो हलला, काळा पडला, कोणाचं डोकं कापलं गेलं, की मला जेवण जास्त जातं. वर मी तिला समजावतोही, "होतं असं. पुढच्या वेळी बघू." माझ्याइतका समजूतदार नवरा मिळायला नशीब लागतं, असं माझी आईसुद्धा म्हणते.

यंदा प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी चंद्रग्रहण होतं. फोकसकाकांनी जाहीर करून टाकलं की यंदाची दर्शनी भिंत ग्रहणाला. ज्याचा फोटो सर्वांत चांगला येईल त्याचा तिथे. मी त्या रविवारी घरी येताना मनातल्या मनात भिंतीवर माझा फोटो टांगूनही टाकला. चंद्र म्हणजे काही लोंबती बाही नव्हे. तिथे लांब पल्ल्याची लेन्स लागते, हात लागतो, अभ्यास लागतो. अभ्यास मी केलेला होता. खग्रास संपताना, चंद्राची कड पुन्हा उजळायला लागते तेव्हा लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये एक पुसट निळसर पट्टा दिसतो. फार थोडा वेळ दिसतो आणि पुष्कळांना माहीतही नसतो. मला तो पट्टा हवा होता. तो माझ्या फोटोत आला असता तर कोणी मला पुन्हा "तुम्हीपण काढता का" असं विचारलं नसतं. मला एवढंच पाहिजे होतं.

लांब पल्ल्याची लेन्स आमच्या घरात एकच. तिला आई तोफ म्हणते. दोन्ही कॅमेऱ्यांना ती बसते.

"आळीपाळीने लावू," बायको म्हणाली. "अर्धा वेळ तू, अर्धा वेळ मी."

"अंधारात लेन्स काढघाल केली की कॅमेऱ्यात धूळ जाते," मी म्हणालो.

हे खरं आहे. कोणत्याही पुस्तकात असंच लिहिलेलं असतं. खरं बोलूनसुद्धा लबाडी करता येते, आणि ती पचते पण चांगली.

"बरं," ती म्हणाली. "मग मी छोट्या लेन्सवर काहीतरी करते."

हे 'काहीतरी' मला आवडलं नाही. कोटाच्या वेळीही ती असंच काहीतरी करते म्हणाली होती.

ग्रहणाच्या दिवशी दुकानातून लवकर निघालो आणि उजेड असतानाच गच्ची गाठली. चंद्र त्या दिवशी ग्रहण लागलेलाच उगवणार होता, सूर्य मावळता मावळता. पूर्वेच्या कठड्याशी, पाण्याच्या टाकीच्या बाजूला, सगळ्यात मोकळी जागा. तिथे मी माझा ट्रायपॉड रोवला. तिच्यासाठी जुना, एका पायाने जरा लंगडा ट्रायपॉड होता. तो मी जिन्याच्या दारापाशी ठेवला. दारावर एक पिवळा दिवा आहे. त्याचं बटण खाली वॉचमनच्या खोलीत असतं आणि अंधार पडायच्या आत तो लावून टाकतो. फोटो काढताना पाठीमागे असला दिवा म्हणजे डोक्याला ताप. मी वॉचमनला सांगितलं असतं तर त्याने तासाभरासाठी बंद केला असता. नाही सांगितलं.

ती लॅबमधून थेट वर आली. जागा बघितली, दिवा बघितला. कॅमेरा लावून डोळा लावला.

"इथून तू फ्रेममध्ये येतोस."

"मग मी काय वितळून जाऊ?"

तिने कॅमेरा जरासा फिरवला, पुन्हा बघितलं. "राहू दे. खाली कोपऱ्यात बरा दिसतोस. माणूस असला की गच्ची कळते." मग तिने आपला बेत सांगितला. कॅमेरा ठरावीक वेळाने आपला आपण फोटो काढत राहणार. गच्ची तीच, आकाश तेच, चंद्र मात्र दर वेळी थोडा वर सरकलेला. नंतर ते सगळे चंद्र एकाच फोटोत बसवायचे, म्हणजे टाकीपासून वरपर्यंत चंद्रांची तिरकी रांग दिसेल, आधी लाल आणि मग उजळत गेलेली. "एकच कर," ती म्हणाली, "सुरू केलं की माझ्या कॅमेऱ्यासमोर येऊ नकोस. एक चंद्र चुकला तरी रांगेत भोक पडेल."

बेत चांगला होता. हे मला का सुचलं नाही? मी तिला म्हणालो, "बघ करून. अवघड असतं ते."

तेवढ्यात आई चहाचा थर्मास आणि घडीची खुर्ची घेऊन वर आली. माझी तोफ बघून म्हणाली, "अरे, चंद्र बघायचाय की पाडायचाय?" आणि सुनेजवळ जाऊन बसली. आमच्याकडे आई कुठे बसते यावरून वारा कळतो.

सूर्य गेला. पूर्वेकडे आकाश राखाडी-निळं झालं आणि चंद्राचा पत्ता नव्हता. तो उगवलेला होता, पण सावलीत बुडालेला आणि वर संधिप्रकाश, त्यामुळे दिसत नव्हता. मी तोफ इकडे फिरव, तिकडे फिरव करत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, खट्.

मी वळून बघितलं. तिचा कॅमेरा सुरू झाला होता. शटर उघडलं की ते काही सेकंद तसंच उघडं राहायचं आणि मग मिटायचं. मी ते मिटेपर्यंत बघत राहिलो. ती कॅमेऱ्याजवळ नव्हतीच. आईशेजारी सतरंजीवर पाय पसरून चहा ओतत होती.

"दिसला," आई म्हणाली. "तो काय टाकीच्या उजवीकडे. गंजलेल्या डब्याच्या झाकणासारखा."

खरंच तसा होता. फिकट, तांबूस, कुठे आकाश संपतं आणि कुठे चंद्र सुरू होतो ते कळू नये असा. मी तोफ त्याच्यावर आणली. फोकसची कडी हळूहळू फिरवली, चंद्रावरचे डाग स्पष्ट दिसायला लागले, तशी कडीवर चिकटपट्टी लावली. पहिला फोटो घेतला. चांगला होता. मनाला जरा थंडावा मिळाला.

खट्.

मी वळलो. आता काय आलं असेल? दिव्याचा उजेड काचेत शिरला असेल का? लंगडा ट्रायपॉड हलला असेल का? शटर मिटलं, तसा मी पुन्हा चंद्राकडे. मोठ्या लेन्समध्ये चंद्र एका जागी थांबत नाही, बघता बघता फ्रेमच्या कडेला जातो आणि बाहेर पडतो. त्याला पुन्हा मध्ये आणावं लागतं. मी आणत होतो. आणला, हात स्थिर केला, आणि मागून खट्. मी वळलो.

असंच चाललं. मागचा आवाज आला की माझी मान आपोआप वळायची. तिकडे त्या दोघी गप्पा मारत होत्या. आईच्या कुठल्यातरी मैत्रिणीने दाताची कवळी कपड्यांबरोबर वॉशिंग मशीनमध्ये टाकून धुतली होती, त्याची गोष्ट चालली होती आणि बायको हसून हसून लोळायची बाकी होती. मधेच ती मान वर करून चंद्र बघायची, "किती लाल झालाय हो आई," म्हणायची आणि पुन्हा चहा. मी इथे पाठीचा काटा मोडून उभा, आणि हिचे फोटो चहा पिता पिता निघतायत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आवाज द्यावासा वाटला की, बाई गं, निदान कॅमेऱ्याजवळ उभी तरी राहा, कष्ट केल्यासारखं दाखव.

"तू पण ये रे चहा प्यायला," ती म्हणाली.

"मला वेळ नाही," मी म्हणालो.

आकाश काळं झालं आणि चंद्र भट्टीतल्या निखाऱ्यासारखा दिसू लागला. माझे फोटो ठीक येत होते. पण ठीक येऊन काय उपयोग, मला तो निळसर पट्टा हवा होता आणि त्याला अजून थोडा अवकाश होता. मी तोफेवर हात ठेवला तर नळी ओलसर लागली. दव पडत होतं. तोफेच्या तोंडाभोवती मी लोकरीचा मोजा गुंडाळलेला होता, म्हणजे काच थंड होत नाही आणि तिच्यावर दव धरत नाही. ही युक्ती मी मंडळात सगळ्यांना सांगितली आहे, एकदा तर फळ्यावर चित्र काढून. घरी सांगायची राहून गेली होती.

म्हणजे राहून गेली नव्हती. त्या दिवशी दुकानातून आल्यावर लोकरीचे मोजे काढताना दुसरा मोजा माझ्या हातात होता आणि मी तो परत कपाटात ठेवला होता.

तिच्या लेन्सवर दव धरलं असेल का? हा विचार डोक्यात आला आणि मला एकदम बरं वाटलं. धरलं असेल तर मघापासूनचे सगळे चंद्र धुरकट. रांगच्या रांग धुरकट. तिला घरी जाऊन संगणकावर बघेपर्यंत कळणारही नाही. मला राहवेना. त्या दोघींचं लक्ष नव्हतं. मी दबक्या पावलांनी तिच्या कॅमेऱ्याजवळ गेलो.

आता काचेवर वाफ आहे की नाही हे कोणीही शहाणा माणूस मागच्या स्क्रीनवर बघेल. पण मी चष्म्याच्या दुकानातला. काच बघायची म्हणजे समोरून, उजेडात, डोळ्याच्या रेषेत. मी वाकलो. दारावरचा दिवा नेमका समोरून येत होता. मी मान तिरकी केली आणि काचेत बघितलं.

खट्.

"अरे, उजळला बघ," मागून आई म्हणाली. "कड उजळली. बघ ना रे, कुठे आहेस?"

मी धावलो. तोफेत चंद्र नव्हता. मी त्याला सोडून गेलो तेवढ्यात तो फ्रेममधून निघून गेला होता. घाईघाईने नळी वर उचलली, तर पाय ट्रायपॉडला लागला. सावरताना हात फोकसच्या कडीवर पडला आणि चिकटपट्टी निघाली. चंद्र सापडला तेव्हा तो एक पांढरट गोळा होता. कडी फिरवत फिरवत त्याला ताळ्यावर आणलं, तोवर कड इतकी उजळली होती की निळं काही उरलंच नव्हतं.

बायको उठून माझ्याजवळ आली. "आला का तुझा पट्टा?"

"आला," मी म्हणालो.

"खरं? छान झालं." आणि तिला खरंच आनंद झाला. दिव्याच्या उजेडात मला तो स्पष्ट दिसला. मग ती तिच्या कॅमेऱ्याकडे गेली, शटरचा वेळ कमी केला आणि पुन्हा आईशेजारी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून ती फोटो उघडत बसली. मी समोर पेपर धरला होता. तिच्या लेन्सवर दव नव्हतंच. चंद्र टाकीशेजारून निघाला होता आणि चढत चढत वर गेला होता, एकेक स्वच्छ, जसा हवा तसा. मी पेपरचं तेच पान वाचत राहिलो.

"रांगेच्या खाली जी गच्ची दिसणार, तिच्यासाठी एक फोटो निवडायचाय," ती म्हणाली. "त्याच्यावर बाकीचे चंद्र बसवणार. तू चंद्राकडे बघतोयस असा हवाय." ती फोटो पुढे ढकलत गेली. थांबली. मागे गेली. पुन्हा पुढे. मग तिने संगणक माझ्याकडे वळवला. "तू एकदाही वर बघितलं नाहीस का?"

पहिल्या फोटोत मी कठड्याशी उभा होतो आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघत होतो. दुसऱ्यातही. तिसऱ्यातही. आकाश निळ्याचं काळं होत गेलं, चंद्र वर वर सरकला, आणि मी प्रत्येक फोटोत तिथेच, चंद्राकडे पाठ करून, दिव्याच्या उजेडात कॅमेऱ्याकडे तोंड करून बघतोय. शटर उघडलं की आवाज यायचा, आवाज आला की मी वळायचो, आणि ते मिटेपर्यंत बघत राहायचो. मी इतका हललो नव्हतो की ओळखू येऊ नये.

आई स्वयंपाकघरातून आली, तिने वाकून बघितलं. "अगंबाई, किती बघतो गं हा तुझ्याकडे," ती म्हणाली. "लग्नाला एवढी वर्षं झाली तरी." आणि लाजल्यासारखी होऊन टीव्हीसमोर जाऊन बसली.

बायको हसली नाही. ती फोटो पुढे नेत राहिली आणि मग तो आला.

सगळा फोटो माझ्या चेहऱ्याने भरला होता. नाक मोठं, भुवया उचललेल्या, ओठ जरासे उघडे. चष्म्याच्या दोन्ही काचांत दारावरचा दिवा. डोक्यामागे चंद्र झाकला गेला होता, फक्त कानाच्या बाजूने त्याची उजळती कड बाहेर आली होती. आणि त्या कडेच्या आत, अगदी बारीक, निळसर पट्टा.

ती बराच वेळ बघत होती. दिवसभर काचेखाली रक्त बघायची सवय असलेली बाई. तिला काही समजावून सांगायची गरज नसते.

"काचेवर दव आलंय का बघत होतास?"

"हो."

"आलं असतं तर पुसलं असतंस?"

मला खोटं बोलता आलं असतं. तोंडात शब्द तयारही होता. पण टेबलावर तो चेहरा उघडा पडलेला होता आणि त्याच्या शेजारी बसून तो शब्द काढणं मला जमेना.

"नाही," मी म्हणालो.

तिने हळूच संगणक आपल्याकडे फिरवला.

"तुझा कोटाचा फोटो लागला तेव्हापासून मला असं होतं," मी म्हणालो. "तुझा चांगला आला की माझ्या पोटात आग पडते. वाईट आला की बरं वाटतं. निळा पट्टा मला मिळाला नाही. तेही खोटं बोललो."

"मला शिकवलंस तेव्हाही?"

"तेव्हा नाही. तेव्हा तुला येत नव्हतं."

यावर हसू येण्यासारखं होतं, पण दोघंही हसलो नाही. तिने संगणक मिटला आणि आतल्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली. मी ऐकत होतो, एकेक घडी पलंगावर आपटत होती.

पुढचा आठवडा आमच्या घरात फार सभ्यतेने गेला. ती मला "डबा झालाय" म्हणायची, मी तिला "थँक्यू" म्हणायचो. आमच्याकडे थँक्यू म्हणजे भांडणाची वरची पायरी. आई दोघांकडे आळीपाळीने बघायची आणि टीव्हीचा आवाज वाढवायची. बायको लॅबमधून उशिरा यायची. एकदा ती फोटो छापणाऱ्याकडे जाऊन आली एवढं मला कळलं. काय छापलं ते मी विचारलं नाही. विचारायचा मला हक्क उरला आहे असं वाटत नव्हतं. चंद्रांची रांग असणार, मधे भोक पडलेली. त्या भोकाचं उत्तर कोणी मागितलं तर काय सांगायचं, याचा मी रात्री पडल्या पडल्या विचार करायचो.

प्रदर्शनाच्या दिवशी मी मुद्दामच उशिरा गेलो. हॉलचं दार उघडलं आणि समोर मी होतो.

दर्शनी भिंतीवर, माणसाच्या छातीएवढा मोठा, माझा चेहरा. उचललेल्या भुवया, काचांतले दोन दिवे, कानाशेजारी ती उजळती कड आणि निळा पट्टा. मी दारातच थांबलो. मागून येणारा माणूस माझ्यावर आदळला, त्याने माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि "अरे वा" म्हणून पुढे गेला.

आणि फोटो चांगला होता. हे लिहिताना अजून माझा हात जड होतो, पण फोटो फारच चांगला होता. इतक्या वर्षांत मी काढलेल्या सगळ्या फोटोंना एकत्र केलं तरी त्यात एवढा जीव नव्हता. मनात आलं, हा तर कॅमेऱ्याने आपला आपण काढला, हिने तेव्हा चहाचा कप धरला होता, यात हिचं काय? पण निवडला तिने. मी असतो तर पुसून टाकला असता. भिंतीवर माझं तोंड लागलं होतं आणि तरी मला तिचा हेवाच वाटत होता.

ती भिंतीच्या बाजूला उभी होती, लॅबचे कपडे बदलून, केस नीट बांधून. मी जवळ गेलो.

"राग गेला नाही ना अजून?"

"गेला असता तर एवढा मोठा छापला असता का?" ती म्हणाली.

"रांगेचं काय झालं?"

"केली मी ती. घरी आहे. ती सगळ्यांना जमते." मग ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मी खाली काही लिहिलं नाहीये. कोणी विचारलं तर तू सांगायचंस."

तेवढ्यात फोकसकाका आले. चष्मा कपाळावर ढकलला, फोटोच्या इतके जवळ गेले की नाक लागेल, मग मागे सरले. "फोकसबद्दल बोलायलाच नको," ते म्हणाले. "पण चेहऱ्यावर केवढी आशा आहे रे. माणूस काहीतरी मागतोय असं वाटतं. काय बघत होतास, चंद्र?"

बायको माझ्याकडे बघत होती. तिने काही खूण केली नाही, मान हलवली नाही.

"नाही काका," मी म्हणालो. "चंद्राकडे माझी पाठ आहे. ही हिची लेन्स आहे. हिच्या काचेवर दव पडलं असेल, हिचे फोटो बिघडले असतील, अशी मला आशा होती. ते बघायला वाकलो होतो."

काकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. मग खो खो हसले, माझ्या पाठीवर थाप मारली, "काय पण थट्टा करतोस," म्हणाले आणि चहाकडे वळले.

मला वाटलं, सुटलो. मी बायकोकडे बघितलं. ती हसत नव्हती, पण आठवडाभर होती तशी सभ्यही दिसत नव्हती. दारातून एक जोडपं आत येत होतं, बाईच्या हातात छत्री आणि पुरुषाच्या हातात पिशवी. फोटो बघून ते दोघं थांबले, मग फोटोवरून माझ्याकडे बघायला लागले. बायकोने त्यांना हाताने जवळ बोलावलं.

"या ना," ती त्यांना म्हणाली. मग मला म्हणाली, "यांना सांग. आणि या वेळी थट्टा वाटणार नाही असं सांग."

मी पुन्हा सांगितलं.